निम्म्या गावाच्या वतीनं ‘आय अ‍ॅग्री’ दाबणाऱ्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय: खरेदीचं बटण मराठीत आणि अटी इंग्रजीत, याबद्दल

साहेब, नमस्कार.

पारोळा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सेंटर म्हणजे काय, तर दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, फोटोचा प्रिंटर आणि बाहेर एक बाकडं. सातबारा काढणं, पीक विम्याचे फॉर्म, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज हे मुख्य काम. पण गेल्या चार-पाच वर्षांत एक काम न सांगता वाढलं, त्याचा बोर्ड मी कधी लावला नाही, ते म्हणजे लोकांना ऑनलाइन सामान मागवून देणं. माणूस मोबाइल पुढं करतो, "भो, हाई मंगाई दे" म्हणतो, मी मागवतो, वीस रुपये घेतो. मिक्सर, साडी, मोटरचा स्टार्टर, शाळेची बॅग, काय वाट्टेल ते. एकदा रिकामा बसलो होतो तर मोजलं, माझ्या एका खात्यावर गावातल्या एकोणचाळीस जणांचे पत्ते सेव्ह होते. बाकीच्यांची खाती त्यांच्या नंबरवर आहेत पण उघडून दिली मीच, आणि उघडताना खाली ते छोटं वाक्य येतं ना, अटी व शर्ती मान्य आहेत, ‘आय अ‍ॅग्री’, ते पण मीच दाबलं. म्हणजे निम्म्या गावाच्या वतीनं मी सहमत आहे साहेब. कशाला सहमत आहे ते मात्र मला आत्ता आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

माहीत झालं ते आप्पांच्या पंपामुळं.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. चार एकर कापूस. त्यांना पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप पाहिजे होता, सोळा लिटरचा. दुकानात महाग पडत होता म्हणून माझ्याकडून मागवला, २,८४९ रुपये, पैसे माझ्या फोनवरून गेले आणि आप्पांनी मला रोख दिले. पंप चार दिवसांत आला. आल्या आल्या त्यांनी पाणी भरून पाहिला, चालला. मग पाऊस लांबला, दुबार पेरणीचं टेन्शन आलं, पंप कोपऱ्यात पडून राहिला. फवारणीला काढला तेव्हा पहिली टाकी झाली, दुसऱ्या टाकीला मोटर बंद, परत चार्जिंगला लावला तर लाइटच लागेना. आप्पा तसाच पंप पाठीवर घेऊन माझ्या गाळ्यावर. डिलिव्हरीला अकरा दिवस झालेले.

अ‍ॅपवर परत करायचं बटण गायब. सात दिवसांची मुदत होती म्हणे, संपली. चॅटवर गेलो तर आधी मशीन बोललं, मग माणूस आला, तो इंग्रजीत "वी अंडरस्टँड युवर कन्सर्न" करत राहिला आणि शेवटी म्हणाला की आम्ही फक्त मार्केटप्लेस आहोत, माल विकणारा वेगळा आहे, त्याला विचारा. विकणाऱ्याचं नाव बिलावर होतं, पत्ता दिल्लीकडचा, फोन लागतच नव्हता. मी हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग पैसा कोणले दिनात आपण?" म्हणजे पैसे कुणाला दिले आपण?

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा त्या अटींची प्रिंट काढली. बेचाळीस पानं निघाली, स्वतःचाच कागद, स्वतःचीच शाई. मी बारावी पास आहे, इंग्रजी फॉर्म भरून भरून अंदाज आलेला आहे, पण ही इंग्रजी वेगळीच होती. माझा मामेभाऊ जळगावला वकिली करतो, रविवारी त्याच्याकडं गठ्ठा घेऊन गेलो. त्यानं पेनानं खुणा करून दिल्या. इथं लिहिलंय की आमचा मालाशी संबंध नाही. इथं लिहिलंय की वाद झाला तर लवादाकडं, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडं जायचं. आणि इथं लिहिलंय की कोर्ट फक्त अमुक शहरातलं, जे आपल्या गावापासून हजार किलोमीटरच्या आसपास. आप्पांनी हे सगळं मान्य केलेलं आहे. म्हणजे मी केलेलं आहे.

मी म्हटलं बटण तर मी दाबलं, आप्पांनी कुठं दाबलं? तर तो म्हणाला २००० च्या आयटी कायद्यात कलम ११ आहे, ज्याला तुमच्या वतीनं पाठवायचा अधिकार तुम्ही दिला त्यानं पाठवलेलं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड तुमचंच धरतात. आणि पुढं दुरुस्ती करून १०अ घातलंय, करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो बेकायदेशीर ठरत नाही. हे दोन्ही बरोबरच आहे, नाहीतर ऑनलाइन धंदाच चालायचा नाही, माझा पण नाही. पण मग त्यानंच जुनं पुस्तक काढलं, १८७२ चा करार कायदा, कलम १३. संमती म्हणजे काय, तर दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं कबूल होणं. एकाच अर्थानं, साहेब. कंपनीचा अर्थ बेचाळीस पानांचा आणि आप्पांचा अर्थ असा की पैसे दिले, पंप घेतला, बिघडला तर बदलून मिळेल. हे दोन अर्थ कुठं भेटले?

आमच्याकडं जुनी माणसं खरेदीखत करायला जायची तेव्हा अंगठा घेण्याआधी मजकूर वाचून दाखवायचे. आजही विम्याच्या फॉर्मवर ज्यानं मराठीत सही केली त्याच्यासाठी खाली एक वेगळं डिक्लरेशन असतं, की मी यांना यातला मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगितला, आणि समजावणाऱ्याची सही. मी असे फॉर्म ढिगानं भरलेत. मग फोनवरच्या बेचाळीस पानांना असं काहीच कसं नाही? अंगठा तर इथं पण लागतोच, फक्त काचेवर लागतो.

आता तुम्ही म्हणाल कायदा आहे ना, वापरा की. आहे, आणि चांगला आहे, म्हणूनच तर हे पत्र. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, पाठोपाठ ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात काय काय आहे ते मामेभावानं दाखवलं तेव्हा मी खुर्चीवर सरळ बसलो. माल सदोष असला, सांगितल्याप्रमाणं नसला, तर विकणाऱ्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. मार्केटप्लेसनं विकणाऱ्याचं नाव, पत्ता, कस्टमर केअर नंबर दाखवायला पाहिजे. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. आधीच टिक केलेल्या चौकोनाला संमती धरायचं नाही. आणि सगळ्यात भारी, ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टात, तो तक्रार करू शकतो, १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. म्हणजे आप्पांना जळगावला जाता येतं, हजार किलोमीटर नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे पण सुप्रीम कोर्टात २०१८ मध्ये ठरून गेलंय.

हे सगळं कायद्यात आहे आणि यातलं बरंचसं त्या बेचाळीस पानांच्या बरोबर उलटं आहे. आता सांगा, ज्याला पानंच वाचता येत नाहीत त्याला ती उलटी आहेत हे कसं कळणार? तो चॅटवरच्या माणसाचं ऐकतो, मुदत संपली म्हटल्यावर घरी जातो, पंप अडगळीत टाकतो आणि दुकानातून दुसरा आणतो. माझ्या एकोणचाळीस पत्त्यांमधले किती जण असे घरी गेले असतील ते मला चेहऱ्यानिशी आठवतात.

कोर्ट कुठलं या भानगडीवरून एक किस्सा कळला तो सांगतो, कारण तो आपल्या शेजारचा आहे. खामगावच्या एका जिनिंग-ऑइल मिलबरोबर अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं लांबच्या टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. पेंड आली नाही, व्यापारी अहमदाबादच्या कोर्टात गेला, मिलवाले म्हणाले आम्ही होकार खामगावातून दिला तर केस खामगावला पाहिजे. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये निकाल लागला की फोनवर होकार जिथं ऐकू येतो तिथं करार होतो, म्हणजे अहमदाबाद. तिघांतले न्यायमूर्ती हिदायतुल्ला म्हणाले नाही, होकार जिथून निघाला तिथं. मिलवाल्या भगवानदास केडियांची ही केस आजही कायद्याच्या पोरांना शिकवतात, आणि ई-मेल, वेबसाइटच्या करारांची गोष्ट निघाली की हटकून हिचं नाव निघतं. पेंडीचा एक व्यवहार, पण दोन्ही बाजूंना आपण काय बोललो ते नीट माहीत होतं, भांडण फक्त जागेचं होतं. आमच्याकडं जागेचं भांडण २०१९ च्या कायद्यानं सोडवून टाकलं, त्याबद्दल आभार. काय बोललो तेच माहीत नाही, हे राहिलं.

(जागेवरून आठवलं, आमच्या खान्देशात नवापूरचं रेल्वे स्टेशन आहे, सुरत-भुसावळ लाइनवर, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या एका बाकड्याच्या मधोमध रेघ आहे, लोक दोन राज्यांत मिळून एका बाकावर बसतात आणि फोटो काढतात. तिथं बसून मोबाइलवरून काही मागवलं तर कुठल्या राज्यातून मागवलं हे मामेभावाला विचारलं, तो म्हणाला जेवायला चल.)

मुद्द्यावर येतो. अ‍ॅप मराठीत झालीत हे मला मान्य आहे. पण नीट बघा काय काय मराठीत झालंय. ‘आता खरेदी करा’ मराठीत आहे. ‘फक्त २ शिल्लक’ मराठीत आहे, लाल अक्षरात. ‘ऑफर संपायला दहा मिनिटं’ मराठीत आहे. एका अ‍ॅपवर तर मी ‘अ‍ॅड टू कार्ट’चं ‘गाडीत टाका’ केलेलं वाचलं, आप्पांना वाटलं ट्रॅक्टर लागतो की काय. पण खाली ‘अटी व शर्ती’ यावर बोट ठेवलं की मी पाहिलेल्या प्रत्येक अ‍ॅपवर सरळ इंग्रजी. म्हणजे पैसे काढायचं तेवढं मराठीत आणि जबाबदारीचं तेवढं इंग्रजीत. हे चुकून झालंय असं मला वाटत नाही.

तुम्ही ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, गुपचूप सामान टाकणं, शेवटी किंमत वाढवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत आपलं आपण ऑडिट करा असंही सांगितलं. छान काम. पण साहेब, सगळ्यात जुना डार्क पॅटर्न त्या तेरांमध्ये नाही. गिऱ्हाइकाला कळणार नाही अशा भाषेत त्याची सही घेणं. आमच्या आज्या-पणज्यांनी सावकाराकडं हाच बघितला होता, मोडी लिपीत लिहायचा आणि अंगठा घ्यायचा.

कंपन्या काय म्हणतील ते मला पाठ आहे. भाषांतर करणं अवघड, कायद्याचे शब्द, अर्थ बदलला तर वाद. पण तुमच्याच सरकारनं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केलाय, त्यात लिहिलंय की माझी माहिती घ्यायला माझी संमती मागाल तर ती विनंती मला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागेल. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, मराठी आहे. (आमची खान्देशी अहिराणी नाही, ते वेगळं रडगाणं, आज नको.) म्हणजे माझा मोबाइल नंबर घ्यायला मराठीत विचारायचं, आणि माझे २,८४९ रुपये घ्यायला इंग्रजीत? नंबरापेक्षा पैसा हलका झाला का? जे एका कायद्यात जमतं ते दुसऱ्यात का जमू नये, मला खरंच कळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, गावात पेढे वाटले, पण पंप परत करायला ती अभिजात भाषा चालेना.

आणखी एक, जे तुमच्या दाराशी येतच नाही. माझी सासुरवाडी चोपड्याकडं. तिथं बचतगटाच्या बायांनी केळीचे वेफर्स ऑनलाइन विकायचं ठरवलं, खातं उघडायला मलाच बोलावलं, परत मीच ‘आय अ‍ॅग्री’. सुरतला आपले खान्देशी लोक भरपूर, त्यांना गावाकडचे वेफर्स पाहिजे असतात, सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक तेच. पण ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीची जी सूट आहे ती राज्याच्या आत विकलं तर. पुण्याला पाठवलं तर चालतं, सुरतला एक पाकीट पाठवलं तर पहिल्या रुपयापासून नोंदणी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. विक्रेत्याचा करार तर ग्राहकाच्या करारापेक्षा जाड, कमिशन किती, परत आलेल्या मालाचं भाडं कुणाकडून, पैसे किती दिवस अडकणार, सगळं त्यात, सगळं इंग्रजीत. आणि या बाया विकणाऱ्या झाल्या, म्हणजे ग्राहक नाहीत, म्हणजे तुमच्याकडं येता येत नाही. हा भाग तुमच्या हातात नसेल, पण वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातात असेल, त्यांना निरोप द्या.

तुमच्या हातात जे आहे तेच मागतो. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १८ खाली तुम्हाला मार्गदर्शक सूचना काढता येतात, डार्क पॅटर्नच्या तशाच काढल्यात. तशीच एक काढा. बेचाळीस पानांचं भाषांतर करा असं म्हणतच नाही मी, ते मराठीत केलं तरी आप्पा वाचणार नाहीत आणि मी पण नाही. पैसे जाण्याआधी एक पान द्या, अ‍ॅप ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. माल कोण विकतोय आणि तो कुठं बसतो, माल खराब निघाला तर काय, मुदत संपल्यावर पण कायद्यानं काय हक्क राहतो, तक्रार कुणाकडं आणि किती दिवसांत, आणि आपल्या जिल्ह्याच्या आयोगात जाता येतं हे एक वाक्य. एवढंच. शेजारी ऐकायचं बटण द्या, कारण गावात निम्मी माणसं वाचण्यापेक्षा ऐकून पक्कं समजतात. आणि मराठी पान आणि इंग्रजी पानं यांच्यात फरक निघाला तर ग्राहकाच्या फायद्याचं जे असेल ते धरायचं, हे लिहून ठेवा, नाहीतर मराठी पानावर गोड गोड लिहितील आणि खाली बारीक अक्षरात टाकतील की वाद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य.

माझ्यासारख्यांचं पण बघा. देशात सेंटरवाले, मोबाइलच्या दुकानातले पोरं, शाळेत जाणाऱ्या नाती, अशा लोकांनी दुसऱ्याच्या वतीनं दाबलेली बटणं किती असतील. आम्हाला कुणी विचारलं नाही की तू समजावून सांगितलंस का. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो.

एक गोष्ट चांगली सांगायची राहिली. तुमच्या १९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरवर फोन केला तेव्हा समोरची बाई मराठीत बोलली, नीट ऐकून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला. आप्पांना स्पीकरवर ऐकवलं. त्यांचा विश्वास बसेना की दिल्लीचा फोन मराठीत बोलतो. तिथून काम झालं नाही हा भाग वेगळा, कंपनीनं ‘मुदत संपली’ हेच परत कळवलं. पण भाषा असली की माणूस भांडायला तयार होतो हे मी त्या दिवशी पाहिलं, कारण फोन ठेवल्यावर आप्पा स्वतः म्हणाले, "चाल मंग जयगावले." म्हणजे चल मग जळगावला.

तक्रार आम्ही जळगावच्या जिल्हा आयोगात ऑनलाइन टाकलीय. कंपनीकडून उत्तर आलंय सोळा पानांचं, त्यात पहिलाच मुद्दा असा की तक्रारदार शेतकरी आहे, पंप व्यवसायासाठी घेतला, म्हणून तो ग्राहकच नाही. चार एकरवाल्या माणसाला कंपनीनं व्यापारी करून टाकलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारासाठी घेतली असं धरत नाहीत, असं कायद्यातच आहे, ते मामेभाऊ मांडेल. दुसरा मुद्दा असा की तक्रारदारानं सर्व अटी वाचून, समजून, स्वतःच्या मर्जीनं मान्य केल्या. ते वाक्य मी आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. ते माझ्याकडं बघत राहिले.

सोबत बेचाळीस पानांची झेरॉक्स जोडली आहे. पुढची तारीख कापूस वेचणीत आलीय, आप्पा म्हणालेत मजूर लावून येतो.

आपला,
एक ऑनलाइन सेंटरवाला
ता. पारोळा, जि. जळगाव